गॅरेजला आतून दार

ताईच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं होतं किंवा कुठल्या पुस्तकात खूण म्हणून घालून विसरलो होतो असंही नाही. ते माझ्या टेबलावर पेन्सिलींच्या डब्याला टेकून उभं होतं, आणि मी रोज सकाळी त्याच्यासमोर बसून दुसरी कामं करत होतो.

पत्र छोटं होतं. ताई माझ्याहून बरीच मोठी. तिनं आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. कापड आणि शब्द दोन्ही बेताने वापरायची तिला सवय. "चि. किड्यास," अशी सुरुवात होती. लहानपणी मी पुस्तकात तोंड खुपसून बसायचो म्हणून पडलेलं हे नाव माझे केस पांढरे झाले तरी तिनं सोडलेलं नाही. ती राहत होती ती इमारत मालकानं विकली होती आणि थंडी सुरू व्हायच्या आत जागा सोडायची होती. त्याचा तिला राग नव्हता. तिसरा मजला गुडघ्यांना झेपेनासा झाला होता, तेव्हा कुणीतरी बाहेर काढलं ते बरंच झालं, असं तिनं लिहिलं होतं. शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात तिनं नाव घालून ठेवलं होतं आणि त्यांना हो की नाही ते कळवायचं होतं. मग शेवटी: "तुझ्याकडे तळमजल्यावर एखादी खोली निघेल का? निघत नसेल तर तसं लिही, मी रागावणार नाही. फोन करू नकोस. फोनवर तू भिडेनं हो म्हणतोस आणि मला नीट ऐकू येत नाही म्हणून मीही हो म्हणते."

मला हो लिहायचं होतं. पण आमच्या तळमजल्यावर मोकळी खोली नव्हती. खाली स्वयंपाकघर, बसायची खोली आणि माझी पुस्तकांची खोली. झोपायच्या खोल्या वर. पुस्तकांची खोली तिला द्यावी असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं, पण ते तिथे फार वेळ थांबलं नाही. त्याऐवजी गॅरेज आठवलं.

माझी नजर अधू झाल्यावर आम्ही गाडी विकली होती. तेव्हापासून गॅरेजमध्ये जे घरात नको आणि टाकवत नाही ते सगळं जाऊन बसलं होतं. मुलीची सायकल, रंगाचे अर्धे डबे, बायकोच्या इस्पितळातून आलेला एक लोखंडी पडदा-स्टँड, माझ्या छापखान्याच्या अंकांचे गठ्ठे. बायको परिचारिका होती आणि मी मुद्रितशोधक. तिनं माणसं तपासली, मी वाक्यं. गॅरेजची पुस्तकांच्या खोलीला लागून एक भिंत होती, बाकी तीन भिंती बाहेरच्या बाजूच्या. समोर शटर, मागे हातभर खिडकी. जमीन शटरकडे उतरती, गाडी धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून. भिंतींना गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत ओल होती.

"छान होईल," बायको म्हणाली. "आजच कळवा ताईंना."

मी म्हटलं, आधी परवानगी मिळू दे. ती म्हणाली, निदान बघतोय म्हणून तरी कळवा. मला ते जमलं नाही. छापून गेलेलं वाक्य परत आणता येत नाही, हे मी नोकरीत रोज पाहिलं होतं. 'ये' असं लिहावं, तिनं वृद्धाश्रमाला नाही म्हणावं, आणि मग नगरपालिकेनं आम्हाला नाही म्हणावं, या विचारानं माझा हात पुढे सरकत नव्हता. उत्तर द्यायचं तर पक्कं द्यायचं, असं मी ठरवलं. हे ठरवल्यानं मला इतकं बरं वाटलं की दोन आठवडे मी त्या पत्राकडे अगदी निर्धास्त मनानं पाहत होतो.

नगरपालिकेतून मी बांधकामाची नियमावली आणली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. खरं सांगायचं तर मला ती आवडली. राहण्याच्या खोलीचं छत किती उंच हवं, खिडकी जमिनीच्या कितव्या हिश्शाएवढी हवी, आग लागली तर माणसानं कुठून बाहेर पडावं, ओल वर चढू नये म्हणून जमिनीखाली कुठला थर घालावा, हे सगळं कुणीतरी बसून विचारपूर्वक लिहिलं होतं. अनोळखी माणसाच्या झोपेची इतकी काळजी घेणारं पुस्तक मी फारसं वाचलेलं नाही. त्यात छपाईच्या दोन चुका सापडल्या. त्या पानक्रमांकासह नगरपालिकेला पत्रानं कळवल्या.

ते पत्र मी त्याच दिवशी टाकलं. बायकोनं पाहिलं. "नगरपालिकेला पत्र लगेच जातं," ती म्हणाली, "सख्ख्या बहिणीचं तेवढं अजून छापखान्यात अडकलंय."

गवंडी येऊन जमीन पाहून गेला. त्याच्या मते कठीण काही नव्हतं, थंडीपर्यंत होऊन जाईल म्हणाला. जमीन भरून सपाट करायची, शटरच्या जागी अर्धी भिंत आणि खिडकी, मागे न्हाणीघर. ओलीचं तो पाहील म्हणाला, नकाशाचं आमचं आम्ही पाहावं.

नकाशा मी स्वतः काढला. असं करता येतं, नियमावलीत लिहिलेलं होतं. पुस्तकांच्या खोलीत टेबलावर मोठा कागद पसरून मी चार दिवस फक्त रेघा मारत होतो, आणि त्या दिवसांत मला आपण उपयोगी आहोत असं वाटत होतं, जे माझ्या बाबतीत विरळाच. ताईच्या खोलीला मी रस्त्याकडून स्वतंत्र दार दिलं. दाराला तिची स्वतःची घंटा. तिची स्वतःची पत्रपेटी. एका कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा, बेसिन, वर फडताळ. विजेचा मीटर वेगळा. आमच्या भिंतीच्या बाजूला काहीच नाही, सरळ एक रेघ. अर्जात एक रकाना होता, 'मुख्य घराशी संबंध'. त्यात मी लिहिलं, 'स्वतंत्र'.

हे का, ते सांगायला हवं. छापखान्यात लागलो तेव्हा मी दोन वर्षं ताईकडे राहत होतो. भावजींची फिरतीची नोकरी, घर दोन खोल्यांचं. शिवणाच्या खोलीत एक पडदा लावून तिनं मला कोपरा करून दिला होता. त्या दोन वर्षांत ती पडद्याच्या आत एकदाही न खाकरता आली नाही. त्या पडद्याच्या आत मी जितकं वाचलं तितकं पुढे कधीच वाचून झालं नाही. कुणी आपल्याला इतकं एकटं सोडावं ही मला तेव्हा आणि नंतरही जगातली सगळ्यात मोठी माया वाटत आली. तीच परत करायची होती. पडद्याच्या जागी भिंत, म्हणजे जरा जास्तच.

अर्ज दिल्यावर नगरपालिकेची एक सूचना आमच्या फाटकावर चिकटवली गेली. आजूबाजूच्यांची काही हरकत असेल तर कळवावी. तिसऱ्याच दिवशी शेजारचे दंतवैद्य कुंपणापाशी आले. दंतवैद्यांची बोलायची एक रीत आहे. ते लांबलचक प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत, कारण ज्यांना विचारायची सवय आहे त्यांची तोंडं उघडी आणि भरलेली असतात. शेजारी म्हणून आमचं छान जमतं. ते म्हणाले, भाडेकरू ठेवताय असं दिसतंय, चांगलं आहे, या वयात हाताशी काहीतरी हवंच, पण त्यांची गाडी आली तर ती लावणार कुठे, रस्त्यावर आमच्या पेशंटांनाच जागा पुरत नाही, दुखरा दात घेऊन माणूस चालत किती येणार. मी 'हं' म्हणालो. मला सांगायचं होतं की भाडेकरू नाही, बहीण आहे, आणि बहिणीला गाडी चालवता येत नाही. पण एवढं वाक्य मनात जुळवेपर्यंत ते आत गेले होते. त्यांची लेखी हरकत त्याच आठवड्यात दाखल झाली.

मग नगरपालिकेतून बोलावणं आलं. नकाशा या स्वरूपात मंजूर करता येत नाही, येऊन भेटावं.

बांधकाम परवानगीच्या टेबलावर एक बाई होत्या. मुलीच्या वयाच्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. भोवती गुंडाळलेल्या नकाशांचा ढीग, खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिच्यात एक जाड फाईल अडकवलेली. माझ्या आधीचा माणूस दोन इंच गच्चीवरून त्यांच्याशी वाद घालत होता. तो गेल्यावर त्यांनी माझा कागद उलगडला, चारही कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या, आणि बराच वेळ पाहत राहिल्या. चुका कळवणारे ते तुम्हीच का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्या हसल्या नाहीत, पण त्यांना हसू आलं होतं.

"कोण राहणार आहे इथे?" त्यांनी विचारलं.

"माझी बहीण."

"सख्खी?"

"सख्खी. मोठी."

त्यांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून, शेजारच्या टेबलाला ऐकू जाणार नाही असा, म्हणाल्या, "भांडण आहे का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. भांडण कशाचं, मी म्हटलं, आमचं कधी भांडण झालेलंच नाही.

"काका, असा नकाशा माझ्याकडे येतो ना, तेव्हा दोन भावांचं बोलणं बंद असतं. वेगळं दार, वेगळा ओटा, वेगळा मीटर, पत्रंसुद्धा वेगळी. मध्ये आंधळी भिंत. फक्त इतकं सुबक कुणी काढून आणत नाही."

त्यांनी पेन्सिल काढून माझ्या कागदावर, अगदी हलक्या हातानं, टोक न टेकवता, नियम समजावला. गॅरेजची खोली करून ती घराचाच भाग राहणार असेल, म्हणजे आतून येणं-जाणं आणि चूल एकच, तर परवानगीची गरजच नाही. छताची उंची, ओल, खिडकी, आगीच्या वेळची वाट, एवढं नियमाप्रमाणे करायचं, काम सुरू करण्याआधी एक सूचना द्यायची, नगरपालिकेचा माणूस मधे एकदा आणि शेवटी एकदा येऊन पाहून जाईल. पण मी जे काढलं होतं ते दुसरं घर होतं. दुसऱ्या घराला स्वतःची गाडीची जागा लागते, सांडपाण्याची वेगळी जोडणी लागते, शेजाऱ्यांच्या हरकतीची सुनावणी लागते. पुढच्या उन्हाळ्याच्या आत काही होईल असं त्यांना वाटत नव्हतं, आणि मग होईलच असंही नाही.

"त्या जेवणार कुठे?" त्यांनी शेवटी विचारलं. "सगळं तिथेच येऊन थांबतं बघा. नियमात तोच प्रश्न आहे, फक्त लांबण लावून लिहिलाय."

ते कलम मला तोंडपाठ होतं. 'मुख्य घरातील कुटुंबाच्या वापराशी निगडित व आतून जोडलेली अतिरिक्त खोली.' त्या वाक्यात स्वल्पविराम हवा होता का, यावर मी एक अख्खी दुपार घालवली होती. ते वाक्य आमच्याबद्दल असेल असं मला वाटलं नव्हतं. मला ते कमी प्रतीचं वाटलं होतं. ताईला मी 'अतिरिक्त खोली' कशी देणार?

मी कागद गुंडाळून उठलो. त्या म्हणाल्या, ओटा खोडा, दार काढा, आणि कधीही या, पाच मिनिटांचं काम आहे.

घरी आलो तर पत्रपेटीत ताईचं कार्ड होतं.

"चि. किड्यास. उत्तर आलं नाही, म्हणजे जागा निघत नाही असं मी धरते. सोमवारी वृद्धाश्रमात जाऊन हो सांगून येईन. त्यांची बाग बरी आहे म्हणतात. तू मनाला लावून घेऊ नकोस. नाही म्हणायला तू लहानपणीही घाबरायचास, तेव्हा ते मीच म्हणून टाकलं."

मी ते उभ्यानं वाचलं. बायको स्वयंपाकघरात होती. मी कार्ड तिच्यासमोर ठेवलं आणि नगरपालिकेत काय झालं ते सांगितलं. भांडणाचंही सांगितलं, कारण तिच्यापासून काही लपवायचं तर दुसरं काहीतरी सांगावं लागतं आणि ते मला सुचत नाही. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं हात पुसले.

"मलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. "नकाशा पाहिला तेव्हा. मी म्हटलं, तुमची बहीण, तुम्हाला माहीत काय ते."

मी तिला पडद्याचं सांगितलं. ते तिला माहीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच मी सांगितलं असणार. पण तिला आणखीही काही माहीत होतं. कधीतरी, ताईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ही तिच्याकडे राहायला गेली, तेव्हा दोघी असंच बोलत बसल्या होत्या.

"ताई काय म्हणाल्या सांगू? म्हणाल्या, दोन वर्षं माझा भाऊ माझ्या घरात राहिला, पण मी त्याला जेवताना पाहिला नाही. ताट पडद्याखालून आत सरकवायचं आणि रिकामं झालं की बाहेर यायचं. म्हणाल्या, मांजर पाळलं असतं तर पायात तरी आलं असतं."

"तिनं मला कधी बोलावलं नाही," मी म्हणालो.

"तुम्ही वाचत असायचात. त्या खाकरायच्या ना. बोलावणंच होतं ते."

मी पुस्तकांच्या खोलीत गेलो. थोड्या वेळानं तीही आली, आणि आम्ही दोघं त्या भिंतीकडे पाहत उभे राहिलो जिच्यापलीकडे गॅरेज होतं. तिच्यावर जमिनीपासून छतापर्यंत फळ्या होत्या. कोश, व्याकरणं, आणि छापखान्यात ज्यांची मुद्रितं मी तपासली त्या पुस्तकांच्या पहिल्या प्रती. दार काढायचं तर ते इथेच. दुसरीकडे कुठे जागा नव्हती. गॅरेज घराला टेकत होतं ते एवढ्याच भिंतीला. बायकोनं दोन पुस्तकं काढून मधल्या फटीतून भिंतीवर बोटांनी टकटक केलं, पूर्वी पेशंटच्या छातीवर करायची तसं. भिंत भरीव होती. वरच्या मजल्याचा भार तिच्यावर आहे, दारासाठी ती फोडली तर वर तुळई टाकावी लागेल, असं गवंडी मागेच सहज बोलून गेला होता. तेव्हा मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

मला तेव्हा कुठे नीट दिसलं की दार इथे आलं म्हणजे काय होईल. ताईची खोली त्या बाजूला, स्वयंपाकघर या बाजूला. सकाळच्या चहाला, दुपारच्या जेवणाला, मधेच एखादा डबा शोधायला, सुईत दोरा ओवून द्या म्हणायला, प्रत्येक वेळी ती माझ्या टेबलामागून जाणार. काठी टेकत, सावकाश. आणि न खाकरता जाईल अशी ती नाही. मी सरळ मारलेली ती रेघ केवळ तिच्या एकांतासाठी नव्हती. माझ्याही होती. कदाचित आधी माझीच होती, मग त्या रेघेला मी ताईच्या मानाचं नाव दिलं. हे मला कळायला नगरपालिका लागली याचं मला वाईट वाटलं. पण त्याचबरोबर, का कोण जाणे, थोडं हायसंही वाटलं. शंका होती तोवर जास्त त्रास होता.

"फळ्या जिन्याखाली मावतील?" मी विचारलं.

"सगळ्या नाही."

"मग ज्या मावणार नाहीत त्या..."

"त्या गॅरेजमध्ये ठेवता येणार नाहीत," बायको म्हणाली, "तिथे ताई असतील." आणि आता ती हसली.

ती चप्पल घालून कुंपणापाशी गेली. खिडकीतून मला दिसत होतं. दंतवैद्य पांढऱ्या कोटातच बाहेर आले. तिनं त्यांना एका वाक्यात काय ते सांगितलं, कारण लगेचच त्यांचा मोठा आवाज ऐकू आला की अहो मग आधी बोलायचं नाही का, मी त्यांना समोरासमोर विचारलं तर ते नुसतं हं म्हणाले. हरकत मागे घेतो म्हणाले. बहिणीला कवळी आहे का असंही विचारत होते.

मी टेबलाशी बसलो. सोमवारच्या आत पत्र पोचायचं तर ते आजच जायला हवं होतं. नाक्यावरची पेटी संध्याकाळी उघडतात. सूचना दिलेली नव्हती. तुळईचा हिशोब झालेला नव्हता. गवंड्याला आता वेळ आहे का तेही माहीत नव्हतं. माझ्या हातात पक्कं असं काहीही नव्हतं, आणि आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती जी मी विचारलीच नव्हती. ताईला आमच्याबरोबर जेवायचं होतं का? पडद्याच्या वेळी तिला काय हवं होतं ते मी माझ्या मनानं ठरवलं, ओट्याच्या वेळीही माझ्या मनानं ठरवलं. आता ओटा खोडणं हेही माझ्याच मनानं होत होतं. तिनं इतकी वर्षं स्वतःची चूल चालवली. तिला ती सोडवेल का?

पहिला कागद मी फाडला. त्यात नियमावलीतली कलमं आली होती. दुसऱ्यात माफी इतकी लांबली की खोलीचा उल्लेख दुसऱ्या पानावर गेला. बायको चहा ठेवून गेली आणि जाताना म्हणाली, "हो की नाही एवढंच विचारलंय त्यांनी." तिसऱ्या कागदावर मी लिहिलं:

"ती. ताईस नमस्कार. उत्तर हो आहे. पहिल्या दिवसापासून हो होतं. तुला पक्कं कळवावं म्हणून थांबलो, तर तू ते नाही असं वाचलंस, आणि तसं वाचलं जाणारच होतं. खोली म्हणजे आमचं गॅरेज आहे. अजून तिथे ओल आहे आणि सायकल आहे. थंडीपर्यंत होईल असं गवंडी म्हणतो, गवंड्यांच्या म्हणण्याचं तुला माहीत आहे. तोवर लागलंच तर तू माझ्या पुस्तकांच्या खोलीत झोप, पलंग मावतो. आम्ही मोजून पाहिला.

"एक विचारायचं आहे. नगरपालिकेच्या नियमाप्रमाणे तुझी चूल वेगळी असेल तर ते दुसरं घर होतं आणि परवानगी मिळणं कठीण. तू आमच्याबरोबर जेवणार असशील तर परवानगी लागतच नाही. मी आधी तुझा ओटा काढला होता, तुला मोकळेपणा हवा असेल म्हणून. तो मी अजून खोडलेला नाही. तुला ओटाच हवा असेल तर तसं लिही, आपण तो मार्ग धरू, वेळ लागेल इतकंच. तोवर तू इथेच राहशील. पण मला विचारशील तर तू आमच्याबरोबर जेवावंस. मीही टेबलावरच जेवतो हल्ली. दार माझ्या खोलीतून जाईल. येता-जाता बोललीस तरी चालेल.

"सोमवारी त्यांना नाही सांग. बाग आमच्याकडेही आहे, लहान आहे."

वाचून पाहिलं तर सुधारण्यासारखं बरंच होतं. 'म्हणून' दोनदा आलं होतं. शेवटून दुसरं वाक्य आज्ञार्थी झालं होतं, मोठ्या बहिणीला आज्ञा कशी करायची? पण घड्याळाकडे पाहिलं आणि घडी घातली. त्याच पाकिटात नकाशाची एक प्रत घातली, आमच्या बाजूच्या भिंतीची रेघ पुसून. तिथे पेन्सिलीनं लिहिलं, 'दार कुठे हवं ते तू सांग'. ताईला नकाशे वाचता येतात. आयुष्यभर तिनं माणसांचे काढले.

मी बाहेर पडलो तेव्हा बायको गॅरेजचं शटर वर ढकलत होती. रंगाचे डबे तिनं आधीच दारात आणून ठेवले होते. मी थांबलो तर म्हणाली, इथे मदत नको, आधी ते टाकून या.

नाक्यावर टपालाची गाडी उभी होती आणि पेटीचं दार उघडं होतं. टपालवाला गुडघ्यावर बसून पत्रं पिशवीत भरत होता. मी पाकीट त्याच्याकडे धरलं. तो म्हणाला, वरूनच टाका काका, मी खालून घेतो. मी ते फटीतून आत सोडलं, त्यानं ते खाली हातात झेललं, पत्ता पाहिला, आणि पिशवीत टाकलं.